समुद्र कोणाच्या मालकीचा?

अष्टागरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न ऐकून हसू येईल. रेवदंडा, चौल, नागाव, अलिबाग, थळ या गावांतून आपले वाडवडील राहिले. समुद्र त्यांच्या अंगणापलीकडे होता आणि तो कोणाचा असे त्यांनी कधी विचारले नाही. कोळी मासे आणतो, नाखवा गलबत नेतो, भरती येते, ओहोटी जाते. त्यात मालकी कसली? परंतु सोळाव्या आणि सतराव्या शतकांत याच प्रश्नासाठी हजारो माणसे मेली. त्या भांडणाची एक ठिणगी आपल्या चौलच्या खाडीत पडली आणि दुसरी, जगाच्या कायद्यावर कायमची खूण ठेवणारी, मी आज जेथे राहते त्या सिंगापूरच्या किनाऱ्यावर पडली. या दोन्ही किनाऱ्यांची ओळख असल्यामुळे ही हकीकत वाचकांपुढे मांडावी असे वाटले.

शाळेत आपण युरोपच्या पुनरुज्जीवनाचा, म्हणजे रेनेसाँसचा धडा शिकलो. त्यात लिओनार्दो आणि मायकेल अँजेलो यांची चित्रे होती, १५१३ च्या सुमारास ‘प्रिन्स’ हे राजनीतीचे पुस्तक लिहिणारा मॅकिआव्हेली होता, छापखाना होता, होकायंत्र होते. हे सर्व इटलीत घडले, आपला त्याच्याशी संबंध परीक्षेपुरता, असेच आम्हां मुलींना वाटे. पण त्या काळाची कला, त्या काळचा राज्यविचार आणि त्या काळची युद्धविद्या ही तिन्ही जहाजांत बसून आपल्या दारात आली होती, हे धड्यात नव्हते.

प्रथम युद्धाविषयी. जहाजाच्या कुशीला झरोके पाडून त्यांत जड तोफा बसवायच्या आणि शत्रूच्या जहाजाला न भिडता दुरूनच त्याचा चक्काचूर करायचा, ही त्या काळची नवी विद्या. अरबी समुद्रात पूर्वीही चाचे होते, लढाया होत होत्या. पण या तोडीच्या तोफा घेऊन फिरणारी व्यापारी गलबते आपल्याकडे नव्हती. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पोर्तुगीजांनी सगळा समुद्र ढवळून काढला.

मार्च १५०८ मध्ये चौलजवळ मोठी लढाई झाली. इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आले होते आणि दीवचा मलिक अयाज त्याला येऊन मिळाला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले. रेवदंड्याच्या खाडीत डोलीचे खुंट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. गोळा लागून त्याचा पाय मोडला. तो डोलकाठीशी बसून लढत राहिला आणि तेथेच मेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड उगवला. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतले आणि १५११ च्या ऑगस्टमध्ये मलाक्का. मलाक्क्याचा सुलतान दक्षिणेकडे पळाला आणि त्याच्या वंशजांनी जोहोरचे राज्य उभारले. सिंगापूरचे बेट याच जोहोरच्या मुलखात मोडत असे. जोहोरचे नाव लक्षात ठेवावे, कारण ते पुढे येणार आहे.

या विजयांनंतर पोर्तुगीजांनी जो नियम केला त्याचे नाव ‘कार्ताझ’. म्हणजे समुद्रावर फिरण्याचा परवाना. ज्या गलबताजवळ हा कागद नसेल ते मालासकट जप्त. कागदाची किंमत फार नव्हती. पण तो घेतला की पोर्तुगीजांच्या बंदरात शिरून जकात भरणे आले, आणि ते नेमतील तो माल नेता येत नसे. हजला जाणाऱ्या मोगल बादशहाच्या गलबतांनासुद्धा हा कागद घ्यावा लागे. घरच्या विहिरीवर पाणी भरायला परक्याची चिठ्ठी लागावी, तसा हा प्रकार. आणि अधिकार कोणता? तर १४९४ साली तोर्देसिल्यास येथे स्पेन आणि पोर्तुगाल या दोन राजांनी नव्या मुलखांची आपसांत वाटणी केली होती आणि त्याला पोपची संमती होती. ज्यांचा समुद्र वाटला त्यांना कोणी विचारले नव्हते.

असे जवळजवळ शंभर वर्षे चालले. नंतर डच आले. हॉलंड हे लहानसे राष्ट्र स्पेनच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचे युद्ध लढत होते आणि १५८० पासून पोर्तुगालची गादीही त्याच राजाकडे गेली होती. मसाल्यासाठी पूर्वेला निघालेल्या डचांना पोर्तुगीज चाचे समजत. १६०१ साली मकाव येथे हाती लागलेल्या सतरा डच खलाशांना पोर्तुगीजांनी ठार केले. ही बातमी याकोब व्हॅन हेमस्कर्क या डच कप्तानाला कळली. हा माणूस साधा नव्हता. १५९६-९७ चा हिवाळा त्याने उत्तर ध्रुवाजवळच्या नोव्हाया झेम्ल्या बेटावर बर्फात लाकडी खोपटे बांधून काढला होता. जोहोरच्या सुलतानाचा भाऊ राजा बोंग्सू याच्याशी त्याने सूत जमवले. मलाक्का घेणाऱ्यांवर जोहोरकरांचा नव्वद वर्षांचा राग होताच. मकावहून मलाक्क्याला जाणारे भरलेले जहाज जोहोर नदीच्या मुखाजवळून जाईल, ही माहिती त्याला तिथूनच मिळाली.

२५ फेब्रुवारी १६०३ च्या पहाटे ‘सांता कातारिना’ हे अवाढव्य पोर्तुगीज जहाज सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्याजवळ, आजच्या चांगीच्या बाजूला, नांगरलेले डचांना दिसले. कप्तान होता सेबास्तियाँव सेर्राँव. जहाजावर सातशेच्या वर माणसे होती; शिपाई तर होतेच, पण बायका आणि मुलेही होती. दिवसभर तोफा चालल्या. हेमस्कर्कने गोलंदाजांना हुकूम दिला होता की गोळे शिडांवर मारा, सांगाड्यावर मारू नका. जहाज बुडाले तर माल बुडेल. संध्याकाळी सेर्राँवने शरणागती पत्करली. अट एवढीच, की माणसांचे प्राण वाचावेत.

मी आयुष्यभर वॉर्डात काम केले. लढाईचे वर्णन वाचताना माझे लक्ष साहजिकच जखमींकडे जाते आणि इतिहासकार बहुधा तेथे थांबत नाहीत. गच्च भरलेल्या जहाजात, खारट दमट हवेत, दिवसभर धूर आणि उडणारे लाकडाचे तुकडे. त्या काळच्या समुद्री लढाईत गोळ्याने मेलेल्यांपेक्षा फाटलेल्या फळ्यांच्या ढलप्यांनी घायाळ झालेले पुष्कळ असत, आणि नंतर जखमा चिघळत. म्हणून एक गोष्ट हेमस्कर्कच्या बाजूने लिहिली पाहिजे. त्याने शब्द पाळला आणि माणसांना मलाक्क्याला पाठवले. मलाक्क्याच्या पोर्तुगीज नगरसभेने जहाज गेल्याचे दुःख आणि माणसे वाचल्याचे समाधान, दोन्ही त्याला पत्राने कळवले. लुटारूला लुटलेल्याने असे पत्र लिहिल्याची उदाहरणे इतिहासात फार नसतील. गोळे शिडांवर मारण्याचा हुकूम मालाच्या लोभाने दिला होता हे खरे. पण त्या लोभाने कित्येक मुले वाचली हेही खरे.

आता मालाविषयी, आणि येथेच कलेचा संबंध येतो. जहाजात कच्च्या रेशमाच्या सुमारे १२०० गासड्या होत्या. कस्तुरी होती, साखर होती. आणि चिनी मातीची भांडी इतकी होती की ती लाखाच्या घरात असावीत असा अंदाज आहे. १६०४ साली ॲमस्टरडॅमला या मालाचा लिलाव झाला तेव्हा युरोपभरचे व्यापारी धावून आले. तीस लाख गिल्डरहून अधिक रक्कम जमली. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली निघाली तेव्हा तिचे एकूण भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर होते. म्हणजे एका दिवसाच्या लढाईने कंपनीच्या जवळजवळ निम्म्या भांडवलाइतके धन हाती आले.

पांढऱ्यावर निळी नक्षी, हरणे, फुले, पक्षी, कडेला चौकटी, अशा या भांड्यांना डच लोक ‘क्राक’ म्हणू लागले. पोर्तुगीज जहाजाला ‘कराक’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले असे बहुतेक जाणकार मानतात. ही भांडी श्रीमंतांच्या फडताळांत गेली आणि तेथून चित्रकारांच्या फळ्यांवर आली. सतराव्या शतकातील डच स्थिरचित्रे पाहिली, विल्लेम काल्फसारख्या चित्रकाराची, तर काळोखात अर्धे सोललेले लिंबू, चांदीची सुरई आणि शेजारी निळ्या नक्षीचा चिनी वाडगा दिसतो. चीनमधील मिंग राजवट १६४४ साली कोसळली आणि भांडी येईनाशी झाली. तेव्हा डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी त्यांची नक्कल करून मोठा धंदा उभारला. आपण चित्रातला तो वाडगा पाहून त्याच्या सौंदर्याची तारीफ करतो. तो कोणत्या समुद्रातून, कोणाच्या हातून हिसकावून आला, हे चित्र सांगत नाही.

त्याच डेल्फ्ट गावी १५८३ साली एक मुलगा जन्मला होता. ह्यूगो ग्रोशियस. अकराव्या वर्षी तो लायडनच्या विद्यापीठात दाखल झाला. लुटीचा निवाडा ॲमस्टरडॅमच्या आरमारी न्यायालयात झाला आणि ९ सप्टेंबर १६०४ रोजी न्यायालयाने ती कायदेशीर ठरवली. पण कंपनीच्या भागीदारांतच कुरबूर होती. मेनोनाइट पंथाचे भागीदार शस्त्र धरणे पाप मानीत; रक्ताचा पैसा आम्हांला नको, असे काहीजण म्हणू लागले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फायदा दारात येऊन पडला असताना, तो कोठून आला असे विचारणारी माणसे त्या काळीही होती. त्यांची समजूत घालण्यासाठी कंपनीने २१ वर्षांच्या ग्रोशियसला बाजू मांडायला सांगितले.

त्याने चार पानांऐवजी मोठा ग्रंथच लिहिला. तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. हस्तलिखित १८६४ साली सापडले. त्यातले फक्त एक प्रकरण १६०९ मध्ये लेखकाच्या नावाशिवाय छापले गेले. त्याचे लॅटिन नाव ‘मारे लिबेरम’, म्हणजे मुक्त समुद्र.

त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. जी वस्तू ताब्यात घेऊन धरून ठेवता येते तिचीच मालकी होऊ शकते. शेताला कुंपण घालता येते, समुद्राला नाही. तुम्ही हवा घेतली म्हणून माझी हवा कमी होत नाही. तसेच तुमचे गलबत गेले म्हणून माझी वाट बुजत नाही. तेव्हा हवेसारखाच समुद्र सर्वांचा. पोर्तुगीज म्हणतात आम्ही हिंदुस्थान शोधला. पण रोमन लोकांना तो ठाऊक होता आणि तेथे माणसे, राजे, कायदे होते. जे कोणाचे आहे ते ‘सापडले’ असे म्हणता येत नाही. पोपने दिले म्हणाल, तर जे पोपचे नव्हते ते त्याने दिले कसे? हा शेवटचा मुद्दा त्याने स्पॅनिश धर्मपंडित व्हिटोरिया यांच्याकडून घेतला होता. व्हिटोरियांनी १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात, अमेरिकेतील मूळ लोकांची बाजू घेताना, हेच सांगितले होते. शत्रूच्याच गुरूचे वचन शत्रूपुढे ठेवणे ही वकिली खुबी खरी. परंतु जुने रोमन ग्रंथ नव्याने वाचून आजच्या प्रश्नाला लावणे, हीच रेनेसाँसची विद्या होती.

वाचकहो, येथे थांबून टाळ्या वाजवाव्यात असे वाटते, पण पुढचे ऐका. ज्या कंपनीसाठी त्याने समुद्र मुक्त केला तिनेच तो पुन्हा बंद केला. १६१३ साली ग्रोशियस वाटाघाटीसाठी लंडनला गेला. मसाल्याच्या बेटांवर इंग्रजांनी व्यापार करू नये, कारण तेथील राजांनी आमच्याशी करार केले आहेत, असे तो सांगू लागला. इंग्रजांनी त्याच्यापुढे ‘मुक्त समुद्र’ या पुस्तकातलीच वाक्ये ठेवली. १६२१ मध्ये कंपनीच्या यान पीटर्सझून कून याने जायफळासाठी बांदा बेटांवरील माणसांची कत्तल केली आणि उरलेल्यांना गुलाम केले. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतले आणि सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडे परवाने मागू लागले. कार्ताझ गेला आणि दुसऱ्या भाषेतला कागद आला. इकडे इंग्लंडच्या जॉन सेल्डनने १६३५ मध्ये ग्रोशियसला उत्तर म्हणून ‘बंद समुद्र’ नावाचा ग्रंथ छापला. जो दाराबाहेर असतो तो दार उघडा म्हणतो, आणि आत शिरला की कडी लावतो.

आपल्या किनाऱ्यावरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला गेला. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, आणि समुद्रावर सत्ता त्याचीच ज्याच्यापाशी जहाजे, असा रोखठोक हिशेब आहे. टोपीकरांना किनाऱ्यावर जागा देऊ नये हाही इशारा आहे. हे मॅकिआव्हेलीला पटले असते. पण त्याच प्रकरणात व्यापाऱ्यांना दिलासा द्यावा असे सांगितले आहे. जहाजासाठी लाकूड हवे तरी रयतेचे आंबे-फणस जबरदस्तीने तोडू नयेत. झाड जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असेही बजावले आहे. समुद्राचा हक्क बळावर मोजणारा हा ग्रंथ झाडाचा हक्क मात्र न्यायावर मोजतो.

कान्होजी आंग्रे याच काळातले. त्यांनी आपली दस्तके काढली. कोकणच्या समुद्रातून जायचे तर आमचा परवाना घ्या. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे जे केले तेच. इंग्रजांनी मात्र त्यांना ‘चाचा’ म्हटले आणि १७२१ च्या अखेरीस पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला. तो फसला. आंग्र्यांच्या चाकरीत आपल्या समाजाचीही माणसे होती हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. तेव्हा चाचा कोण आणि आरमाराचा सरखेल कोण, हे बहुधा बखर लिहिणारा कोणाच्या बाजूला बसला आहे यावर ठरते. हेमस्कर्क पोर्तुगीजांना दरोडेखोर होता, डचांना वीर.

ग्रोशियसची आणखी एक बाजू आपल्या वाचकांना ठाऊक असावी. पोर्तुगालने १४९७ मध्ये आपल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात आणले. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते आणि ज्याने १५६३ साली गोव्यात वनौषधींवरचा ग्रंथ छापला, तो वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. या छळातून सुटलेली पोर्तुगीज ज्यू कुटुंबे ॲमस्टरडॅमला पोहोचली तेव्हा त्यांचे काय करावे, हे हॉलंडच्या सभेने ग्रोशियसलाही विचारले. १६१५ च्या आपल्या टिपणात त्याने सांगितले की त्यांना येऊ द्यावे आणि त्यांच्या पद्धतीने उपासना करू द्यावी. माणूस म्हणून त्यांना कोठेतरी राहणे भाग आहे, मग येथे का नको? त्याने अटीही घातल्या: सरकारी अधिकार नाही, ख्रिस्ती घरांशी विवाह नाही. दार उघडले, पण अर्धेच. तरी त्या काळी अर्धे दारही थोडे नव्हते. धर्माच्या भांडणात १६१९ साली त्यालाच जन्मठेप झाली, आणि १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून तो तुरुंगातून निसटला. पुढची बहुतेक वर्षे त्याने परदेशातच काढली. परवाना, परदेश आणि परकेपणा यांवर लिहिणारा माणूस शेवटी स्वतःच परका झाला.

सिंगापूरचा या कथेशी दुसऱ्यांदा संबंध आला तो आपल्या काळात. समुद्राच्या कायद्यासाठी संयुक्त राष्ट्रांची परिषद १९७३ पासून चालू होती. तिचे शेवटचे अध्यक्ष सिंगापूरचे टॉमी कोह होते आणि १९८२ मध्ये करार पुरा झाला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल त्या देशाचे. २०० मैलांपर्यंत मासे आणि खनिजे यांवर त्याचा हक्क. आणि मलाक्क्यासारख्या आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून कोणत्याही देशाच्या जहाजाला विनाअडथळा जाण्याची मोकळीक. हा करार १९९४ पासून अमलात आला. नीट पाहिले तर तो ग्रोशियस आणि सेल्डन यांच्यातील तडजोड आहे. कोळ्याला आपले खुंट रोवण्यापुरते पाणी मिळाले आणि प्रवाशाला वाट मिळाली. हा कायदा रोज मोडायला निघणारे बलवान देश आहेतच. पण तो मोडताना त्यांना निदान सबब सांगावी लागते. १६०३ मध्ये सबबसुद्धा मागाहून लिहिली गेली होती.

आंग मो किओहून बसने निघून चांगीच्या किनाऱ्यावर गेले की शेकडो जहाजे नांगरलेली दिसतात. कोणत्या देशाची, कोणाच्या मालाची, विचारण्याचे कारण पडत नाही. येथे लढाईची खूण म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. मुले वाळूत खेळतात आणि डोक्यावरून विमाने उतरतात. त्या विमानांतून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मात्र एक कागद असतो, आणि तो तपासणारे टेबल असते.

आपण स्थलांतरित कुटुंबे. कोकणातून मुंबईला, मुंबईहून कोणी इस्राएलला, कोणी इंग्लंडला, कोणी माझ्यासारखे पूर्वेला. दाराबाहेर उभे राहून ‘वाट सर्वांची आहे’ असे म्हणणे काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. आता आपल्यापैकी पुष्कळजण दाराच्या आत स्थिरावले आहेत. मुले नव्या देशांची नागरिक झाली आहेत. नव्याने येणाऱ्या परक्याबद्दल घरात बोलणे निघते, तेव्हा आपण ग्रोशियसचे १६०९ चे पान वाचतो की १६१३ चे, हे ज्याने त्याने पाहावे.